रावसाहेब मंडलिक : सरकारी वकील, पण कोणाचे?

मागच्या महिन्यात आपल्या रविवारच्या वर्गात 'व्यवसाय' हा पाठ चालू होता. शिंपी, सुतार, कुंभार, डॉक्टर असं करत करत आपण 'वकील' या शब्दापाशी आलो. मी सांगितलं, "वकील लोकांचे असतात, तसे सरकारचेही असतात. सरकारच्या बाजूने कोर्टात उभा राहतो तो सरकारी वकील." झूमच्या एका चौकोनातून लगेच प्रश्न आला, "काका, मग सरकारी वकील चांगला माणूस असतो की वाईट?"

मी म्हटलं, "सरकार कोणाचं आहे, त्यावर ते ठरतं." म्हटलं खरं, पण वर्ग संपल्यावर माझं मलाच ते उत्तर पटेना. बाहेर ईडन प्रेरीत बर्फ पडत होता, कुठे जायचं नव्हतं. चहा घेऊन बसलो आणि एका माणसाची आठवण झाली. तो माझ्याच तालुक्यातला होता आणि इंग्रजांच्या राज्यात सरकारी वकील होता. त्याच्याबद्दल मला शाळेत कोणी काही शिकवलं नव्हतं. नंतर जे वाचलं, त्यातून तो चांगला की वाईट हे काही चटकन सांगता येईना. म्हणून हा पाठ थोडा मोठा झाला आहे. दोन बैठकांत वाचा.

त्यांचं नाव विश्वनाथ नारायण मंडलिक. लोक त्यांना रावसाहेब मंडलिक म्हणत. जन्म ८ मार्च १८३३, गाव मुरुड, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. कोकणात मुरुड नावाची दोन गावं आहेत. जंजिरा किल्ल्याजवळचं मुरुड प्रसिद्ध आहे, पण हे ते नव्हे. हे हर्णै बंदराजवळचं, नारळी-पोफळीच्या बागांचं मुरुड. आज तिथे लोक सुट्टीत समुद्रात डॉल्फिन बघायला जातात. मंडलिकांच्या लहानपणी तिथून मुंबईला जायचं तर समुद्र हाच रस्ता. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये खाड्या आणि डोंगर. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ साल उजाडलं, यावरून कल्पना करा.

विश्वनाथ रत्नागिरीला शिकले, मग मुंबईला एल्फिन्स्टन संस्थेत. त्या काळात इंग्रजी चांगलं येणारा मुलगा म्हणजे सरकारला हवा असलेला मुलगा. (आज जसा कॉम्प्युटर येणारा मुलगा कंपनीला हवा असतो, तसंच काहीसं. मी पण त्याच लाटेत इथे आलो.) त्यांना लगेच सरकारी नोकरी मिळाली. कच्छ-भूजकडे एका इंग्रज अधिकाऱ्याचे मदतनीस, मग शिक्षण खातं, मग न्याय खातं, अशा निरनिराळ्या जागांवर त्यांनी काम केलं. तिशीच्या आसपास त्यांनी ही नोकरी सोडली आणि वकिली सुरू केली. चांगली, पगाराची, मानाची सरकारी नोकरी सोडायची हे तेव्हाही घरच्यांना आवडत नसे, आजही आवडत नाही.

पण वेळ त्यांनी बरोबर साधली होती. १८६२ साली मुंबईत हायकोर्ट सुरू झालं. त्याच्या चार वर्षं आधी, १८५८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य संपून इंग्लंडच्या राणीचं राज्य आलं होतं. गंमत म्हणजे आपल्या ईडन प्रेरीची टाउनशिप म्हणून स्थापना झाली तीही १८५८ सालीच. इथली जमीन तोवर डकोटा लोकांची होती. १८५१ सालच्या करारांनंतर ती गोऱ्या वसाहतकऱ्यांसाठी खुली झाली. जमीन कोणाची हे बाहेरून आलेल्या सरकारने कागदावर ठरवायचं, हा प्रकार त्या काळात इथेही चालू होता आणि कोकणातही चालू होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता हायकोर्ट कसं चालायचं ते बघू. मुंबई हायकोर्टाचे दोन भाग होते. एक मूळ शाखा : तिथे मुंबई शहरातले खटले थेट येत. दुसरी अपील शाखा : तिथे बाहेरच्या जिल्ह्यांतल्या कोर्टांचे निकाल तपासायला येत. म्हणजे रत्नागिरीच्या कोर्टात तुम्ही हरलात आणि निकाल पटला नाही, तर तुम्ही अपील करायचं, आणि ते अपील शाखेत चालायचं. मूळ शाखेत बॅरिस्टरांचा दबदबा होता. बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला जावं लागे, आणि बॅरिस्टर बहुतेक इंग्रज असत. अपील शाखेत मात्र इथेच सनद मिळवलेले वकील काम करत. सनद म्हणजे वकिली करण्याचा परवाना. जमिनीचे, वारशाचे, दत्तकाचे, देवस्थानांचे सगळे खटले जिल्ह्यांतून इथे येत, आणि ते समजायला गाव माहीत असावं लागे. मंडलिकांना गाव माहीत होतं, संस्कृत येत होतं, इंग्रजी येत होतं, आणि सरकारी कचेरीत कागद कसा फिरतो तेही माहीत होतं.

सरकारचे वकीलही तसेच वाटून दिलेले होते. मूळ शाखेत ॲडव्होकेट जनरल, अपील शाखेत गव्हर्न्मेंट प्लीडर, म्हणजेच सरकारी वकील. कोणी सरकारवर जमिनीचा दावा लावला, किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या फौजदारी खटल्याचं अपील वर आलं, तर सरकारची बाजू हा वकील मांडायचा. जुन्या निकालांच्या छापील पुस्तकांत खटल्यांची नावं वाचायला मजा येते. एका बाजूला एखाद्या जिल्ह्याचा कलेक्टर, दुसऱ्या बाजूला कुठल्यातरी गावचा कोणीतरी रामा किंवा गोविंदा. फौजदारी असेल तर एका बाजूला थेट 'क्वीन एम्प्रेस', म्हणजे राणी व्हिक्टोरिया! राणी काही मुंबईला यायची नाही. तिच्या वतीने उभा राहायचा तो आपला सरकारी वकील.

इथे मिनेसोटात काउंटी ॲटर्नी असतो, त्याच्याशी तुलना करून बघा. हेनेपिन काउंटीचा ॲटर्नी निवडणुकीत मतं मागतो, आपल्या दारात त्याच्या नावाच्या पाट्या लागतात. काम आवडलं नाही तर पुढच्या वेळी लोक दुसऱ्याला निवडतात. मंडलिकांच्या काळात सरकारी वकील सरकार नेमायचं, त्या सरकारचा प्रमुख म्हणजे गव्हर्नर लंडनहून यायचा, आणि त्याला निवडताना मुरुडच्या किंवा मुंबईच्या कोणालाही कोणी विचारलेलं नसायचं. आपलं काम आवडलं की नाही, हे लोकांना विचारायची पद्धतच नव्हती.

मंडलिक १८८४ साली सरकारी वकील झाले. त्यांच्या आधी नानाभाई हरिदास हे गुजराती वकील त्या जागी होते. नानाभाई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. पण १८६३ ते १८८४ या वीस वर्षांत मंडलिकांनी जे केलं, त्यात खरी गोष्ट आहे. त्यामुळे जरा मागे जाऊ.

वकिली सुरू केल्यावर लगेचच, १८६४ मध्ये, त्यांनी 'नेटिव्ह ओपिनियन' नावाचं साप्ताहिक काढलं. नेटिव्ह म्हणजे इथले लोक, ओपिनियन म्हणजे मत. इंग्रज अधिकारी 'नेटिव्ह' हा शब्द जरा तुच्छतेने वापरत. मंडलिकांनी तोच शब्द छातीवर लावला आणि म्हटलं, आम्हालाही मत आहे.

दुसरं मोठं काम पुस्तकाचं. ते समजायला थोडी पार्श्वभूमी लागेल. इंग्रज कोर्टात हिंदूंचा वारसा, लग्न, दत्तक या गोष्टी हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे ठरत. इंग्रज न्यायाधीशाला संस्कृत कुठून येणार? म्हणून कोर्टात शास्त्री नेमलेले असत. न्यायाधीश शास्त्र्याला विचारायचा, शास्त्री ग्रंथ बघून सांगायचा. १८६४ साली एका कायद्याने ही शास्त्र्यांची पदं रद्द झाली. मग उरले फक्त ग्रंथ, तेही जुन्या इंग्रजी भाषांतरांतून. पश्चिम भारतात त्यातला एक फार महत्त्वाचा ग्रंथ होता 'व्यवहारमयूख'. तो सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी काशीत लिहिला. हे भट्ट घराणं मूळ आपल्या पैठणचं. पिढ्यान् पिढ्या काशीत राहिलेलं हे मराठी घर, म्हणजे तुमच्यासारखंच परमुलखातलं! नीलकंठांच्या मोठ्या ग्रंथाचं नाव 'भगवंतभास्कर'. भास्कर म्हणजे सूर्य, आणि त्याचे बारा भाग म्हणजे बारा मयूख. मयूख म्हणजे किरण. त्यातला व्यवहाराचा, म्हणजे कोर्टकचेरीचा किरण तो 'व्यवहारमयूख'.

मंडलिकांनी १८८० साली या ग्रंथाचं आणि याज्ञवल्क्य स्मृतीचं नवं इंग्रजी भाषांतर मूळ संस्कृतसह छापलं. शिवाय वेगवेगळ्या जातींमध्ये आणि गावांमध्ये प्रत्यक्षात काय चालतं, कोण कोणाला दत्तक घेतं, लग्नं कशी ठरतात, याची माहिती गोळा करून शेवटी जोडली. त्यांचं म्हणणं असं, की पुस्तकात काय लिहिलंय एवढंच बघू नका, लोक कसे वागतात तेही बघा. लोकांची रीत हाही कायदाच. यातून फरक काय पडतो, याचं एक उदाहरण देतो. मूल नसलेला भाऊ वारला, तर त्याच्या मालमत्तेत बहिणीचा नंबर कितवा? बाकीच्या इलाख्यांत फार खालचा, जवळजवळ नाहीच. पण नीलकंठ भट्टांनी बहिणीला बराच वरचा नंबर दिला होता, आणि मुंबई इलाख्यातली कोर्टं ते मानत होती. एका जुन्या पोथीतल्या दोन ओळींवर कुठल्यातरी बहिणीचं घर टिकत होतं. अशा ओळींचं भाषांतर नीट हवं की नको?

इथवरचे मंडलिक मला फार आवडतात. आता पुढचं वाचा.

१८७४ साली गव्हर्नरने मंडलिकांना मुंबईच्या कायदे कौन्सिलात नेमलं. (त्याच वर्षी पॅसिफिक महासागरातली फिजी बेटं इंग्रजांच्या राज्यात गेली, आणि नवी कोर्टं, नवे कलेक्टर, नवे सरकारी वकील असा सगळा पसारा तिथेही मांडला गेला.) कौन्सिल म्हणजे कायदे करणारं मंडळ. पण ते आजच्या विधानसभेसारखं नव्हतं. सभासद निवडून आलेले नसत. सरकारने मांडलेल्या कायद्यावर बोलता येई, पण सरकारला इतर कुठल्या गोष्टीचा जाब विचारता येत नसे. तरी मंडलिक बोलत. भरपूर आकडे आणि जुने दस्तऐवज घेऊन येत आणि विरोधात मत नोंदवत. आणि १८७९-८० मध्ये तिथे आला खोतीचा कायदा.

खोत म्हणजे काय? तुमच्यापैकी काहींनी 'तुंबाड' सिनेमा पाहिला असेल. श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' नावाची मोठी कादंबरीही आहे. सिनेमाची आणि कादंबरीची गोष्ट वेगवेगळी आहे, पण 'खोत' हा शब्द घरातल्या मोठ्यांना विचारलात तर प्रत्येकजण काहीतरी सांगेल, आणि कोणाचं घर कोकणात कुठे होतं त्यावर त्याचा सूर ठरेल.

रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक गावं खोतीची होती. शेतसारा, म्हणजे जमिनीचा कर, सरकार एकेका शेतकऱ्याकडून घेत नसे. खोत सरकारला लिहून द्यायचा की या गावाचा एवढा सारा मी भरीन. या लेखी कबुलीला कबुलायत म्हणत. मग गावातल्या शेतकऱ्यांकडून किती घ्यायचं ते खोत बघायचा. दोन्हींतला फरक त्याचा. जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याला कूळ म्हणत. भाताच्या जमिनीत साधारण अर्धं पीक खोताला जाई, ते अर्धेल. डोंगर-उतारावरच्या वरकस जमिनीत, जिथे नाचणी-वरी पिकते, तिसरा हिस्सा जाई, ते तिर्धेल. किती पिकलं हे मळणीनंतर मोजून ठरत नसे. पीक उभं असतानाच खोत किंवा त्याचा माणूस बांधावर उभा राहून अंदाज करायचा. त्याला अभावणी म्हणत. शिवाय वेठ असे, म्हणजे फुकट काम. आठवड्यातला एखादा दिवस खोताच्या शेतावर किंवा घरी राबायचं, मजुरी नाही.

माझी आजी अभावणीची गोष्ट सांगायची. तिच्या माहेरी वडील कूळ होते, दुसऱ्याच एका गावात. एकदा भात तयार झालं, अभावणी झाली, आणि मग अवेळी पाऊस आला. भात शेतातच आडवं झालं, कुजलं. पण अंदाज कागदावर चढला होता, त्यामुळे हिस्सा तेवढाच द्यावा लागला. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. त्या वर्षी दिवाळीला घरात पोहे नव्हते, एवढंच तिला नीट आठवायचं. माझ्यासाठी खोती म्हणजे ते पोहे. त्यामुळे पुढचं मी अगदी तटस्थपणे लिहितोय असं समजू नका.

इंग्रज सरकारने जमिनींची मोजणी सुरू केली. १८६५ साली मोजणीचा कायदा झाला. मोजणी अधिकारी गावोगाव गेले आणि त्यांनी कोण कुठली जमीन किती वर्षं कसतो ते लिहायला सुरुवात केली. काही कुळांची नावं कागदावर आली, कुळाने किती द्यायचं त्यालाही मर्यादा घालायचा प्रयत्न झाला. खोत भडकले, कोर्टात गेले. भांडण कशावर? सरकार म्हणे, खोत हा फक्त सारा गोळा करणारा मक्तेदार, कंत्राटदार आहे. खोत म्हणत, आमच्याकडे पेशव्यांच्या, आदिलशाहीच्या सनदा आहेत, गाव आमचं आहे, खोती हे आमचं वतन आहे. वतन म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारा हक्क. आम्ही आणि आमची कुळं काय ठरवायचं ते ठरवू, सरकारने मध्ये पडू नये.

बरीच वर्षं वाद घालून सरकारने १८८० सालचा खोती कायदा आणला. त्यातली मुख्य गोष्ट अशी : जे कूळ १८४५-४६ सालापासून सलग तीच जमीन कसत आलं आहे, त्याला कायमचं कूळ मानायचं. खोताला त्याला मनाला येईल तेव्हा काढता येणार नाही. आज वाचताना ही फार छोटी सवलत वाटते. पस्तीस वर्षं एकच जमीन कसल्याचं सिद्ध करायचं, ज्याला वाचताही येत नाही त्याने! पण तेव्हा ही मोठी गोष्ट होती.

मंडलिकांनी कौन्सिलात या कायद्याला जोरदार विरोध केला. त्यांचं घराणं स्वतः खोतांचं होतं.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. मग पुन्हा उघडलं, कारण त्यांचं म्हणणं काय होतं ते तरी बघायला हवं होतं. मुद्दे बिनकामाचे नव्हते. जुने हक्क सरकारने नुसता कायदा करून काढून घेतले, तर उद्या कोणाचाच हक्क सुरक्षित नाही. हक्काचा वाद कोर्टात सुटावा, कलेक्टरच्या कचेरीत नव्हे. परक्या सरकारला इथली रीत कळत नाही. यातला शेवटचा मुद्दा 'व्यवहारमयूखा'च्या प्रस्तावनेत मला फार पटला होता. तोच मुद्दा इथे आला तेव्हा पटेना. कारण इथे रीत म्हणजे अभावणी, रीत म्हणजे वेठ. लोकांची रीत हाही कायदा, हे खरं, पण कोणत्या लोकांची? कौन्सिलात खोत बसला होता. कूळ बसलं नव्हतं. कुळाच्या बाजूने जे काही बोललं गेलं ते इंग्रज अधिकाऱ्यांनी, आणि त्यांनाही कुळांचं प्रेम होतं असं नाही. त्यांना शांतपणे आणि नियमित सारा हवा होता.

मंडलिकांचा विरोध असूनही कायदा झाला. आणि चारच वर्षांनी त्याच सरकारने मंडलिकांना आपला वकील नेमलं.

सरकारला विरोध करणारा माणूस सरकारने का नेमावा? मला वाटतं, कारण जमिनीचा कायदा आणि हिंदू धर्मशास्त्र दोन्ही एवढं जाणणारा दुसरा वकील मिळणं कठीण होतं. आणि विरोध केला तरी मंडलिक तो कौन्सिलात, कागदावर, कलमं दाखवून करत. सरकारला अशा विरोधाची भीती नव्हती. ऑफिसात मीही बघतो, मीटिंगमध्ये सगळ्यांत जास्त हरकती घेणाराच पुढे त्या प्रोजेक्टचा प्रमुख होतो.

१८८४ हे वर्ष त्यांच्यासाठी मोठं होतं. त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या कौन्सिलातही त्यांची नेमणूक झाली. ते कौन्सिल कलकत्त्याला भरायचं. मुरुडहून होडीने निघालेला मुलगा आता आगगाडीने कलकत्त्याला जात होता. मुंबई महापालिकेच्या सभेचं अध्यक्षपदही त्यांनी याआधी सांभाळलं होतं. हायकोर्टात ते सरकारच्या बाजूने उभे राहत. या वर्षांतल्या निकालांच्या पुस्तकात पानोपानी त्यांचं नाव दिसतं : 'ऑनरेबल व्ही. एन. मंडलिक, गव्हर्न्मेंट प्लीडर'. त्यापुढे ते काय बोलले त्याच्या दोन-चार ओळी, मग न्यायाधीशांचा निकाल. कधी सरकार जिंकतं, कधी हरतं. वकिलाचं स्वतःचं मत काय होतं ते त्या ओळींतून कळत नाही. कळू नये अशीच ती पद्धत आहे. वकील आपल्या पक्षकाराचं म्हणणं मांडतो. पक्षकार म्हणजे ज्याच्यासाठी तो उभा आहे तो. इथे पक्षकार होतं सरकार.

पण कोर्टाबाहेर त्यांचं मत स्पष्ट ऐकू येई. त्याच १८८४ साली बेहरामजी मलबारी या पारशी पत्रकाराने दोन टिपणं छापली. एक बालविवाहावर, एक विधवांवर लादलेल्या वैधव्यावर. मलबारींचं म्हणणं होतं की सरकारने यात लक्ष घालावं. देशभर वाद पेटला. मंडलिकांनी मलबारींना ठाम विरोध केला. आमच्या घरातल्या गोष्टींत सरकारने हात घालू नये, असं सरकारचाच वकील सरकारला सांगत होता. विधवांच्या पुनर्विवाहालाही त्यांचा विरोध होता.

म्हणजे बघा, सरकारपुढे मान न तुकवणारा हा माणूस. पण सरकारला तो जिथे जिथे अडवत होता, तिथे बऱ्याचदा त्याच्या पाठीमागे एक दार होतं आणि दाराआड कोणीतरी होतं. एकदा कूळ, एकदा विधवा. त्यांना कोणी वकील दिला नव्हता.

९ मे १८८९ रोजी मंडलिक वारले. वय छप्पन्न. त्यांचा पुस्तकांचा आणि हस्तलिखितांचा मोठा संग्रह पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजकडे गेला. ते कॉलेज तेव्हा जेमतेम चार वर्षांचं होतं. त्यांची भाषणं आणि लेख पुढे १८९६ मध्ये एकत्र छापले गेले, म्हणून आज आपल्याला ते वाचता येतात.

त्यांच्या मागे त्याच मुरुड गावात काय झालं तेही ऐका. धोंडो केशव कर्वे याच गावात वाढले. सहावीच्या परीक्षेसाठी ते मुरुडहून चालत साताऱ्याला गेले होते आणि 'वयाने लहान दिसतोस' म्हणून परीक्षकाने त्यांना परीक्षेला बसूच दिलं नव्हतं, ही गोष्ट तुम्ही मागच्या पातळीच्या पुस्तकात वाचली असेल. १८९३ साली कर्व्यांनी एका विधवेशी लग्न केलं. मुरुडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. वाळीत टाकणं म्हणजे त्या माणसाशी सगळे व्यवहार बंद करणं. तेच कर्वे पुढे 'भारतरत्न' झाले, वयाच्या शंभराव्या वर्षी.

खोतीचा वाद मात्र इतक्या लवकर संपला नाही. लोकमान्य टिळकांचं मूळ गाव चिखलगाव, तेही दापोली तालुक्यातलंच, आणि घराणं खोतांचं. टिळकांनीही 'केसरी'तून खोतांची बाजू मांडली. मग त्याच भागाशी नातं असलेला आणखी एक वकील उभा राहिला. त्याचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका, आणि लहानपणीचे काही दिवस दापोलीत गेलेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. विधेयक म्हणजे मंजुरीसाठी मांडलेला कायद्याचा मसुदा. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन आले. मंडलिकांच्या कौन्सिलात ज्यांना जागा नव्हती, ते आता दाराशी येऊन उभे होते. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती रद्द करणारा कायदा शेवटी १९४९ सालचा, स्वातंत्र्यानंतरचा.

टिळक, मंडलिक, कर्वे, आंबेडकर. एकाच टापूची ही चार नावं. नकाशावर दापोली, मंडणगड शोधा, बोटाच्या पेराएवढा भाग आहे.

वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी हे सगळं थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही उत्तर देणार नाही का, काका?" मी म्हटलं, "मी कुळाच्या घरातला आहे. माझं उत्तर तुला माहीत आहे. तू पुस्तकवाल्या मंडलिकांचं आधी वाच, मग कौन्सिलवाल्या मंडलिकांचं, आणि मग मला सांग."

इथे हेनेपिन काउंटीच्या वेबसाइटवर घराचा पत्ता टाकला की मालकाचं नाव, कर, जमिनीचं मोजमाप सगळं दिसतं. आपल्याकडे त्याला सातबारा म्हणतात, आणि त्यात कधी काय बदललं त्याची नोंद म्हणजे फेरफार. गेल्या वर्षी बाबांनी गावच्या तलाठ्याकडून जुना फेरफार काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवला. शाई फिकी झाली आहे, मोडी वळणाचं मराठी आहे, वाचायला वेळ लागतो. त्यात आजीच्या वडिलांचं नाव आहे. सरकारात ठरलेली रक्कम भरली, असं लिहिलं आहे, आणि नावापुढे एक शब्द आहे. त्या जागी आधी 'कूळ' असायचं. आता 'कब्जेदार' आहे.